इंदूरहून कुत्रा-मांजर घेऊन प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीत पुणे, लग्नसराईत मुंबई किंवा नाशिक, मे महिन्यात आजोळ. इंदूरच्या मराठी घरांचे हे रस्ते ठरलेले आहेत, आणि आता त्या गाडीत कुत्रा किंवा मांजरही असतं. माणसांची बॅग आदल्या रात्री भरली तरी चालतं. जनावराची तयारी मात्र कित्येक दिवस आधी, घरातच सुरू करावी लागते. प्रवासात बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टींचं मूळ ही तयारी न होण्यात असतं.

तयारी किती दिवस आधी सुरू करावी?

चार आठवडे धरा. त्यातला सर्वांत जास्त वेळ क्रेटची, म्हणजे जनावराच्या प्रवासी पेटीची, आणि गाडीची सवय लावण्यात जातो. लसींचं कार्डही याच वेळी काढून बघा. रेबीजची तारीख उलटून गेली असेल तर लगेच इंजेक्शन घ्या, निघायच्या आदल्या दिवसासाठी ठेवू नका. लस घेतल्यावर एक-दोन दिवस अंग दुखतं, कणकण येते, आणि ते दुखणं प्रवासात नको. गोचिडांचं औषध मानेवर टाकायचं असेल तर आठवडाभर आधी टाका आणि त्याच्या दोन दिवस आधी-नंतर आंघोळ घालू नका, नाहीतर औषध त्वचेवर नीट पसरत नाही. ढाब्यामागचं गवत आणि नातेवाइकांचं अंगण ही गोचिडांची नेहमीची ठिकाणं आहेत. गोचीडतापाची लक्षणं चावा घेतल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनीही दिसू शकतात, म्हणून परत आल्यावर भूक आणि ताप यांवर लक्ष ठेवा.

क्रेट किती मोठा घ्यावा? दुकानदार ‘लॅब साइज’ म्हणतो तो पुरेल का?

जातीवरून घेऊ नका, टेप लावून मोजा. कुत्रा उभा असताना चार मापं घ्या: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांची रुंदी, आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा उभ्या कानाच्या टोकापर्यंत उंची. क्रेटची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे खांद्यांच्या दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक अंथरुणाची जाडी. समजा मापं ७०, ३२, २२ आणि ६० सेंटिमीटर आली, तर क्रेट आतून निदान ८६ सेंटिमीटर लांब, ४४ रुंद आणि ३ सेंटिमीटरच्या गादीसकट ६३ उंच हवा. विमान कंपन्या क्रेट याच हिशेबाने तपासतात.

फार मोठा क्रेटही बरा नाही. घाटातल्या वळणावर आणि ब्रेक लागला की जनावर आत या टोकाचं त्या टोकाला आपटतं. उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, एवढंच पुरे.

क्रेटमध्ये घातला की आमचा कुत्रा रडून घर डोक्यावर घेतो. काय करावं?

याचा अर्थ त्याला क्रेट फक्त कोंडण्याची जागा म्हणून ठाऊक आहे. पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करा.

पहिल्या आठवड्यात दार काढून ठेवा किंवा उघडं बांधून ठेवा. आत त्याची वापरलेली चादर टाका, नवी गादी नको. ओळखीच्या वासाने अर्धं काम होतं. रोजचं जेवण क्रेटच्या तोंडाशी द्या आणि भांडं दररोज थोडं आत सरकवा. दुसऱ्या आठवड्यात जेवताना दार लावा आणि जेवण संपायच्या आत उघडा. मग एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. तुम्ही त्याच खोलीत असा, नंतर दुसऱ्या खोलीत जा. तिसऱ्या आठवड्यात क्रेट उभ्या गाडीत ठेवा, इंजिन सुरू करू नका. मग इंजिन सुरू करून उभ्या गाडीतच थांबा. मग कॉलनीला एक फेरी. चौथ्या आठवड्यात अर्ध्या-पाऊण तासाच्या फेऱ्या मारा, आणि त्यांचा शेवट दर वेळी दवाखान्यात होऊ देऊ नका. पिपल्यापाळा किंवा राळामंडळच्या बाजूला जाऊन यावं, बाहेरच चेन लावून थोडं फिरवावं, परत आणावं. गाडी म्हणजे सुई, हे समीकरण मोडायला एवढं पुरतं.

रडणं चालू असताना दार उघडू नका. क्षणभर गप्प झाला की उघडा. मात्र तोंडाला फेस येतोय, जाळी चावून हिरड्यांतून रक्त निघतंय अशी अवस्था असेल तर तो हट्ट नाही, घबराट आहे. तिथे थांबा, मागच्या पायरीवर या आणि डॉक्टरांशी बोला.

कारमध्ये कुठे बसवावं?

मागच्या सीटवर किंवा मागच्या मोकळ्या जागेत, बांधलेल्या क्रेटमध्ये. क्रेट बसवणं शक्य नसेल तर छातीवरून जाणारा हार्नेस घाला आणि तो सीटबेल्टच्या बकलमध्ये अडकणाऱ्या छोट्या पट्ट्याने बांधा. गळ्याच्या पट्ट्याला कधीही बांधू नका. जोरात ब्रेक लागला तर सगळा झटका मानेवर येतो. पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर लहान कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. मांडीवर बसवलेलं जनावर ब्रेक लागल्यावर हातात राहत नाही, तुम्ही कितीही घट्ट धरलं तरी.

खिडकीतून डोकं बाहेर काढलेला कुत्रा बघायला छान वाटतो, पण महामार्गावरची खडी आणि किडे डोळ्यांत जातात. काच चार बोटं उघडी ठेवा, वास तेवढ्यातूनही पोहोचतो.

मानपूरचा घाट आला की उलटी ठरलेलीच. उपाय?

उलटीच्या आधी जनावर सांगत असतं: लाळ गळणं, ओठ चाटणं, वारंवार जांभया, एकटक गप्प बसणं. हे दिसलं की घाट संपल्यावर पहिल्या सुरक्षित जागी थांबा आणि दहा मिनिटं चालवा. घाटात कडेला थांबू नका.

पोट भरलेलं नको. शेवटचं जेवण निघण्याच्या निदान चार तास आधी, नेहमीच्या निम्मं. पहाटे निघणार असाल तर रात्रीचं जेवणच शेवटचं समजा. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नका, त्यांच्या रक्तातली साखर पटकन उतरते. त्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारा. पाणी कुणाचंही बंद करायचं नाही. क्रेटच्या बाजू कापडाने झाका म्हणजे पळती झाडं दिसत नाहीत, पण हवा यायची बाजू मोकळी ठेवा. गाडीतला सुगंधी फ्रेशनर काढून टाका. त्याचा उग्र वास कुत्र्याच्या नाकाला फार लागतो.

एवढं करूनही उलट्या होत असतील तर डॉक्टर मारोपिटंट नावाचं औषध देतात. ते उलटी थांबवतं आणि झोपही आणत नाही. घरात माणसांसाठी आणलेली प्रवासाची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका.

लांबचा प्रवास आहे, झोपेची गोळी दिली तर?

स्वतःहून मुळीच नाही. गुंगीच्या काही औषधांनी रक्तदाब उतरतो आणि शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते. उन्हात किंवा विमानाच्या पोटात हे धोक्याचं आहे, म्हणून गुंगीतलं जनावर विमान कंपन्या सहसा स्वीकारत नाहीत. शिवाय काही औषधांनी जनावर शांत दिसतं, पण आतली भीती तशीच राहते.

खरंच घाबरणाऱ्या जनावरासाठी डॉक्टर वेगळी औषधं लिहितात. मांजरांना पुष्कळदा गॅबापेंटिन. असं कोणतंही औषध प्रवासाच्या आठवडाभर आधी घरी एकदा देऊन बघा, म्हणजे किती वेळाने चढतं आणि किती वेळ टिकतं ते कळतं. माणसांच्या पातळ औषधांत गोडीसाठी कधीकधी झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे. आणि पॅरासिटामॉल मांजराला एक गोळीही प्राणघातक ठरते. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

मे महिन्यात पुण्याला कारने जायचंय. कधी निघावं?

पहाटे साडेचारच्या आत. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, सुमारे साडेपाचशे मीटर उंच. घाट उतरून धामनोदला आलात की तुम्ही निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात, शिरलात, आणि तिथला उन्हाळा इंदूरपेक्षा कडक असतो. खलघाटचा पूल, जुलवानिया, सेंधवा हा सगळा पट्टा सकाळी आठच्या आत मागे पडायला हवा. बिजासन घाट उतरून शिरपूर-धुळ्याकडे पोहोचेपर्यंत ऊन चढतंच, पण तोवर निमाडचा टप्पा गारव्यात झालेला असतो. दुपारी बारा ते चार धुळे किंवा मालेगावच्या बाजूला जनावर चालणाऱ्या लॉजमध्ये थांबता आलं तर उत्तम. लॉजला आधी फोन करून ‘कुत्रा आहे’ हे स्पष्ट सांगा.

दर दोन-अडीच तासांनी थांबा. गाडीचं दार उघडण्याआधी चेन लावा, आणि चेन हातात आल्यावरच दार उघडा. महामार्गावर हरवलेले कितीतरी कुत्रे दार उघडण्याच्या त्या एका क्षणात सुटलेले असतात. गळ्यातल्या बिल्ल्यावर घरच्या लँडलाइनचा नंबर नको. प्रवासात सोबत असलेल्या माणसाचा मोबाइल हवा. उतरवण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवेना तर त्याचे पंजेही भाजतील. गवतावर किंवा मातीवर उतरवा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: दिवसाला दर किलो वजनामागे ५० ते ६० मिलिलिटर. २० किलोच्या कुत्र्याला एक ते १.२ लिटर. उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट सोबत ठेवा आणि शक्यतो घरचंच न्या.

चहा प्यायला पाच मिनिटं उतरलो आणि काच थोडी उघडी ठेवली, तर चालेल ना?

नाही. बाहेर ३० अंश सेल्सियस असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ४० आणि अर्ध्या तासात ५० अंशांच्या जवळ तापमान जातं. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ढाब्यावर पाच मिनिटांची वीस कशी होतात हे सगळ्यांना माहीत आहे. एकाने गाडीत थांबायचं, दुसऱ्याने चहा प्यायचा, मग अदलाबदल.

कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून पग, बुलडॉग, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जनावरांना धोका सर्वांत जास्त. त्यांना एप्रिल ते जून शक्यतो लांब नेऊच नका.

ऊन लागलं हे कसं ओळखायचं आणि काय करायचं?

सोबत डिजिटल थर्मामीटर ठेवा. कुत्रा-मांजराचं नेहमीचं तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तेव्हा १०१ पाहून घाबरू नका. १०४ च्या वर गेलं, धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक किंवा पांढुरक्या झाल्या, चालताना तोल जातोय, तर ही वेळ काढण्याची गोष्ट नाही.

सावलीत न्या. साधं पाणी अंगावर ओता, खास करून पोट, काखा, जांघा आणि पंजे. वारा घाला किंवा गाडीचा एसी पूर्ण लावा. ओला टॉवेल अंगावर तसाच पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो. बर्फाने अंग चोळू नका; त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, तोंडात ओतू नका. १०३.५ पर्यंत उतरलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली जातं. मग सरळ जवळचा पशुवैद्य, जनावर बरं दिसलं तरी. मूत्रपिंडाची आणि रक्त गोठण्याची गुंतागुंत काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उघडी पडते. निघण्याआधीच रस्त्यातल्या सेंधवा, धुळे, नाशिक अशा गावांतल्या पशुवैद्यांचे नंबर फोनमध्ये भरून ठेवा.

रेल्वेने नेता येतं का?

येतं, पण फर्स्ट एसीमध्येच, आणि दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन संपूर्ण तुमच्या नावावर असेल तरच. सेकंड एसी, थर्ड एसी, चेअर कार, स्लीपर यांत कुत्रा नेता येत नाही. मुंबईसाठी अवंतिका एक्सप्रेस सोयीची आहे, रात्रीचा प्रवास आणि फर्स्ट एसीचा डबा दोन्ही मिळतात. इतर गाड्यांना हा डबा असतोच असं नाही, तिकिटाआधी पाहून घ्या.

अडचण अशी की तिकीट काढताना कूपे मिळेल की केबिन हे कळत नाही, ते चार्ट लागल्यावरच ठरतं. म्हणून दोन तिकिटं काढून आरक्षण अधिकाऱ्यांकडे ‘सोबत पाळीव कुत्रा आहे, कूपे द्यावा’ असा लेखी अर्ज तिकिटाच्या प्रतीसह द्या आणि पोच घ्या. प्रवासाच्या दिवशी दोन-तीन तास आधी इंदूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जाऊन कुत्र्याचं बुकिंग करा: तिकीट, ओळखपत्र, लसींचं कार्ड, आरोग्य प्रमाणपत्र. पैसे सामानाच्या दराने लागतात. पावती जपून ठेवा. पावतीशिवाय सापडलात तर सामानाच्या दराच्या कैकपट दंड बसतो. सहप्रवाशाने हरकत घेतली तर कुत्र्याला गार्डच्या डब्यात हलवतात, म्हणूनच अख्खा कूपे हवा.

गार्डच्या डब्यातल्या पेटीतून पाठवण्याचीही सोय आहे. उन्हाळ्यात ती घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे: जागा तापते, आवाज प्रचंड, आणि प्रत्येक वेळी पाणी द्यायला तुम्हालाच फलाटावर धावावं लागतं.

कूपेत शू-पॅड अंथरा आणि घरी त्याची सवय आधीच लावा. उज्जैन-रतलामला थांबा पुरेसा लांब दिसला तरच खाली उतरवा, आणि चेन दोनदा मनगटाला गुंडाळून.

ट्रॅव्हल्सच्या बसवाल्याने ‘डिक्कीत ठेवू’ म्हटलं. ठेवावं का?

कधीच नाही. डिक्कीत खेळती हवा नसते, इंजिनाची उष्णता आणि धूर असतो, सामान सरकून अंगावर येतं, आणि रस्त्यात काय झालं ते शेवटच्या स्टॉपपर्यंत कुणाला कळत नाही. दुसरी सोय नसेल तर जनावराला घरीच ठेवण्याची व्यवस्था करा.

विमानाने?

इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही. एअर इंडिया लहान कुत्रा-मांजर केबिनमध्ये, मऊ पिशवीत, पायाशी नेऊ देते. वजनाची मर्यादा पिशवीसकट मोजतात आणि ती बदलत असते, म्हणून तिकीट काढण्याआधी कंपनीला फोन करा. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. मोठा कुत्रा खालच्या सामानाच्या कप्प्यात जातो. चपट्या नाकाच्या जातींना पुष्कळ कंपन्या तिथे नाकारतात, ते योग्यच आहे. बदली विमान असेल तर उन्हाळ्यात टाळा. धावपट्टीशेजारी ट्रॉलीवर क्रेट उन्हात थांबतो तो वेळ सर्वांत वाईट.

कागद कोणते लागतात?

लसींचं कार्ड, त्यात रेबीजची चालू नोंद, आणि नोंदणीकृत पशुवैद्याचं प्रवासाआधी काही दिवसांतलंच आरोग्य प्रमाणपत्र. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे केंद्रीय नियमही कुत्र्या-मांजरांसाठी असं प्रमाणपत्र मागतात. त्यावर जात, रंग, वय, लिंग आणि मायक्रोचिप असल्यास तिचा पंधरा अंकी क्रमांक लिहून घ्या. महापालिकेची नोंदणी असेल तर तीही सोबत असू द्या. सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये ठेवा, आणि जनावराचा समोरून व बाजूने असे दोन ताजे फोटो. हरवलं तर तेच कामी येतात. महूच्या पशुचिकित्सा महाविद्यालयाच्या जवळ राहत असाल तर तपासणी तिथे करून घेता येईल.

मांजरासाठी वेगळं काय?

बरंच काही. मांजराला प्रवासापेक्षा जागा बदलण्याचा त्रास जास्त. कॅरियर कडक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा घ्या. घाबरलेल्या मांजराला पुढच्या दारातून ओढून काढताना दोघांनाही जखमा होतात. कॅरियर माळ्यावर ठेवू नका, वर्षभर हॉलमध्ये उघडा असू द्या. प्रवासात पातळ चादरीने झाका. गाडी चालू असताना, कितीही ओरडली तरी, बाहेर काढू नका. ती ब्रेकच्या पायाखाली जाऊन बसते. शरीरावर नीट घट्ट बसणारा हार्नेस आणि चेन मात्र कॅरियरच्या आतही घालून ठेवा.

मांजर बारा तास शू न करता राहू शकतं, त्यात घाबरायचं कारण नाही. मुक्कामी घरच्या ट्रेमधली थोडी वापरलेली वाळू नव्या ट्रेमध्ये मिसळा.

दोन महिन्यांचं पिल्लू इंदूरहून आणायचंय किंवा न्यायचंय.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडूच नका. त्यानंतर नेता येतं, पण लसींचे डोस पूर्ण होऊन दोन आठवडे होईपर्यंत ढाबा, फलाट, पेट्रोलपंप अशा ठिकाणी जमिनीवर सोडायचं नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. शू-पॅडवर, गाडीतच.

रस्त्यात काय खायला द्यावं?

घरचंच, नेहमीचंच, आणि दोन दिवसांचं जास्तीचं. प्रवासात नवं खाणं म्हणजे हगवणीला आमंत्रण. आपल्या डब्यातले पोहे मुळीच नकोत: कांदा कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, शिजवलेलाही. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही तसंच दूर ठेवा. मुलांच्या हातात काय आहे यावर नजर असू द्या.

ॲक्टिव्हावर पायाशी बसवून नेलं तर?

दवाखान्यापर्यंतही नको. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर बंद कॅरियर, एवढंच.

म्हातारा किंवा आजारी असेल तर नेऊ नये का?

हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास, फिट्स, गाभणपणाचा शेवटचा काळ, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया: यांत नेऊ नका. ओळखीचा माणूस घरी येऊन राहणं सर्वांत चांगलं. बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन जनावरं सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवायचं असेल तर आधी जागा स्वतः पाहा, दुपारच्या वेळी, म्हणजे पंखे-कूलर खरंच चालतात का ते कळतं. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस दोन आठवडे आधी घ्या आणि एक रात्र ठेवून बघा.

पोहोचल्यावर मांजर पलंगाखाली गेली, बाहेरच येत नाही. कुत्राही जेवत नाही.

मांजराला एकच खोली द्या: ट्रे एका कोपऱ्यात, पाणी-खाणं दुसऱ्या, कॅरियर उघडा. ओढून काढू नका, पाहुण्यांना दाखवायला तर नाहीच. रात्री घर शांत झालं की ती स्वतः फिरू लागते. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतावर लवकर परिणाम होतो. निरोगी मोठा कुत्रा एक दिवस कमी जेवला तर चालतं, पाणी पितोय ना ते पाहा. पहिले तीन दिवस त्याला नव्या अंगणात मोकळा सोडू नका, फाटक बंद असलं तरी चेन लावूनच न्या. अनोळखी गल्लीत सुटलेल्या कुत्र्याला परतीचा वास ठाऊक नसतो.